पुनाजीच्या भिंतीला लावलेली दोरी

कुठल्या शाळेने कार्यक्रमाला बोलावलं की माझी ओळख करून देतात — 'पोरांना आकाश दाखवणारे गुरुजी'. टाळ्या पडतात. मी मान खाली घालतो, आणि लोकांना वाटतं, काय हा विनय! विनय कसला डोंबलाचा? ते शब्द मला ऐकवत नाहीत. का, ते मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलाला नाही. आज तुम्हाला सांगायला बसलोय — आणि बघा, बसलो तरी कसा कडेकडेनेच चाललोय.

आधी आकाशाचंच बोलू. ते तरी खरं होतं.

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. पवनी तालुक्यात, कोंढ्याच्या पलीकडे, नदीकाठच्या एका गावात मी प्राथमिक शाळेवर होतो. गावाचं नाव सांगत नाही. भूगोलात ध्रुवताऱ्याचा धडा होता. भर दुपारी फळ्यावर खडूचे ठिपके काढून पोरांना काय कळणार, कप्पाळ? मी म्हटलं, दिवे लागल्यावर बाहेरच बसू. शाळेसमोर चिंचा दाट, उत्तरेचं काही दिसेना. तेव्हा पुनाजीने आपणहून त्याचं अंगण दिलं. पोरांना बसायला भाताचं तणीस अंथरलं, मला चहा. शेती बेताचीच, पण गावात त्याच्या शब्दाला वजन होतं. घरात तो, त्याची आजारी म्हातारी आई आणि शेवंता ही एकुलती पोर — चौथीत, माझ्याच वर्गात.

पोरीला आकाशाचं वेडच लागलं. मी सप्तर्षी म्हणायचो, तर ही ठसक्यात, "नाही गुरुजी, ते बुढीची खाट हाये. अन् मांगं तीन चोर लागले हायेत." चार तारे खाटेचे पाय, मागचे तीन चोर — गावात सगळे तसंच म्हणत. मी म्हटलं, बरं बाई, तुझी खाट. त्या खाटेचे कडेचे दोन पाय सरळ ध्रुवाकडे बोट दाखवतात — पायांनी बोट, हसू नका, पोरंही हसायचीच. चांगला मास्तर होतो हो मी. तिथेच तर घात झाला ना? वाईट मास्तरला कोण अंगणात घेतं?

त्याच साली धरणाची मोजणी आली. घरं, गोठे, विहिरी, झाडं मोजायची. मोजणी झाली की मोबदल्याचा कागद, आणि कागद झाला की गाव उठलंच. गावाने देवळात शपथ घेतली — मोजणीच्या माणसाला उंबरा ओलांडू द्यायचा नाही. जो मोजणी देईल त्याच्या दारात कोणी जाणार नाही, अगदी मयतालाही नाही. शपथ घालणारा पुनाजी. फितेवाले आले की बाया दारात आडव्या उभ्या राहायच्या आणि ते हात हलवत परत जायचे.

मला मात्र कोणी अडवत नव्हतं. कोण अडवणार? गुरुजी होतो मी.

मोजणीचा साहेब मला पवनीच्या बाजारात भेटला. गोडबोल्या. माझी बायको भंडाऱ्याला, मूल तान्हं, बदलीसाठी अर्ज करकरून मी थकलेला — त्याला सगळं ठाऊक. म्हणाला, बदलीचं माझ्याकडे लागलं. तुम्ही फक्त एका घराच्या मापाचा अंदाज द्या, पुनाजीच्या. नमुन्यापुरता. तुमचं नाव कुठे येणार नाही. गावात एवढी घरं असताना एकच का? तेही त्याचंच का? मी विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं — आणि मग बदली कशी घेतली असती?

अडखळलो बघा इथे. मनातल्या मनात सांगतानाही दरवेळी इथेच अडखळतो.

तर — फाल्गुन लागला होता. शेजारच्या गावात शंकरपट होता, आणि रात्री नाटक. पोरंबाळं, बायामाणसं सगळी तिकडे. पुनाजी धरणाच्याच बैठकीला दुसऱ्या गावी गेलेला. मी तोच दिवस धरला. शेवंताला आदल्या दिवशीच सांगून ठेवलं, तू थांब, तुला एकटीला नवीन काहीतरी दाखवतो. बैलांच्या शर्यती सोडून पोर माझ्यासाठी थांबली.

मी सुताची दोरी नेली होती, हातहातभर अंतरावर गाठी मारलेली. तिला म्हटलं, आज उत्तर दिशा काढू. अंगणात एक खुंटी रोवली, ध्रुव नेमका त्या खुंटीच्या डोक्यावर दिसेल अशी मागे दुसरी रोवली, मधे दोरी ताणली. ही झाली उत्तर. इथवर शिकवणं होतं — मग मी ती दोरी उचलली आणि घराच्या भिंतीला लावली.

शेवंता थबकली. "गुरुजी, तारा तं वर हाये. मंग दोरी भितीले काहून लावून राहिले?"

मी म्हणालो, घर मोजल्याशिवाय ते ध्रुवाला किती तिरपं आहे, हे कळत नाही. साफ थाप! आणि त्या पोरीने — मास्तरने सांगितलं म्हणजे झालंच — मान डोलावली आणि दुसरं टोक घट्ट धरलं. ओसरी झाली, मागची भिंत झाली, गोठा झाला. आत म्हातारी कण्हत पडली होती, शेवंता आजीला उठवू नका म्हणाली आणि माजघर एकटीनेच मोजून आली. शिवाय विहिरीत दोरी सोडून किती गाठी आत गेल्या तेही मला सांगितलं. मी न विचारता. मी शाबासकी दिली तिला, पाठ थोपटून.

मी ते सगळं साहेबाच्या कानावर घातलं.

काही दिवसांनी तो चावडीवर आला. गाव जमलं. त्याने पुनाजीच्या घराचं माप मोठ्याने म्हणून दाखवलं — ओसरी, माजघर, गोठा, विहीर किती खोल तेसुद्धा. आणि हसून म्हणाला, "पुनाजीभाऊंनी मोजणी दिली. मग बाकीच्यांचंच काय अडलंय?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. घर नव्हतं मोजायचं त्याला, गाव फोडायचं होतं. मला फसवलं त्या माणसाने! हो, फसवलंच, आणि तो संताप अजून माझ्या अंगात आहे. पण फसवलेला माणूस तिथल्या तिथे बोंब मारतो ना? मी मारली का?

पुनाजी पांढराफटक पडला. मागून कोणी म्हणालं, "पैसे खाल्ले यानं." ज्यांना त्याने शपथ घातली होती तीच माणसं त्याच्यापासून सरकून उभी राहिली. मग त्याने गर्दीत मला हेरलं. साक्ष देणारं दुसरं होतं कोण त्याला?

"गुरुजी, तुमी तं रोज येता माह्या घरी. सांगा या लोकाईले — फितावाला आलता काय कधी?"

नाही आला, मी मोजलं. एवढंच म्हणायचं होतं. मी काय म्हणालो, ऐका. "मी आपला पोरांना तारे दाखवत होतो, पुनाजी. माझं लक्ष वर होतं."

हे वाक्य मला साहेबाने शिकवलेलं नव्हतं. ते माझं स्वतःचं.

शेवंता बापाला बिलगून उभी होती. "पन गुरुजी, आपन दोरीनं—" इतकंच बोलली. पुनाजीने तिच्या पाठीत धपाटा घातला. "चूप! गुरुजीच्या तोंडाले लागते काय?" स्वतःची अब्रू जात असताना तो माझी सांभाळत होता. आणि मी ती सांभाळू दिली.

पुढे काय व्हायचं तेच झालं. पुनाजीने दिली तर आपण कायले मरायचं, म्हणत एकेकाने दार उघडलं. पुनाजीच्या दारात मात्र कोणी फिरकेना. पावसाळ्याआधी त्याची म्हातारी गेली. सोयरे आले बाहेरगावचे थोडे, पण गावातला एकही माणूस आला नाही. खांदा द्यायला मी गेलो. का गेलो? प्रायश्चित्त म्हणून? छे, तेवढी हिंमत कुठली. लोक काय म्हणतील, रोज ज्याचा चहा प्यायला त्याच्या मयतालाही मास्तर गेला नाही — म्हणून गेलो. पुनाजी माझ्या गळ्यात पडून रडला.

शेवंता वर्गात मागे बसायला लागली. काही विचारेना. मग यायचीच बंद झाली, आणि मी बोलवायला गेलो नाही.

बदलीचा हुकूम आला. माझी ट्रंक आणि बिछाना कोंढ्याच्या एसटी थांब्यावर पोचवायला पुनाजीनेच बैलगाडी जुंपली. मी नको नको म्हणत होतो, तो ऐकेना. शेवंता मागे बिछान्याला टेकून बसली होती. वाटभर तो एकटाच बोलला. म्हणाला, "गावात माह्याशी बोलनारे तुमीच एक होते, गुरुजी." थोड्या वेळाने म्हणाला, "पोरगी तुमच्याबद्दल काहीबाही बोलते. लहान हाये. मनावर घेऊ नका." मी म्हणालो, नाही घेत.

बस आली. पुनाजीने ट्रंक टपावर चढवली, खाली उतरून हात झटकले आणि पोरीला म्हणाला, "पाया पड गुरुजीच्या. माफी माग."

ती आली. वाकली. माझ्या पायांना हात लावून हळूच म्हणाली, "चुकलं गुरुजी."

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला, आशीर्वाद दिला आणि बसमध्ये चढलो.