खंडेनवमीचं कुंकू

दुपारी नेमबाजीच्या रेंजच्या बाकावर शर्वरी पाटोळेचे डोळे मिटायला लागतात, तरी सेक्रेटरी पोवारकाकांचं बोलणं तिच्या कानांतून जात नाही. "गोळीवर आपटणारी पिन झिजलीय. रायफल मोडीत काढू. उद्या निवडचाचणीला उजव्या हातानं मार." क्लबात डावऱ्यांसाठीची रायफल ही एकच. मागचा सरकता बोल्ट काढलेली ती रायफल शर्वरी घट्ट कवटाळून बसली आहे.

"उद्या उजव्या हातानं जेव म्हणतील. जेवशील?"

शेजारी तिचे जुने प्रशिक्षक डफळे सर बसलेत. गेल्या श्रावणात सगळा क्लब ज्यांना स्मशानात पोचवायला गेला होता, तेच. बाक आता शाळेच्या वर्गात आहे.

"नाही जेवणार! आणि रायफलही देणार नाही."

"भांडण नंतर. आधी सांग, नेमकं होतं काय?"

"पहिल्या ठोक्याला गोळी उडत नाही. मी नळी टार्गेटकडेच धरून थांबते, मग गोळी न बदलता पिन पुन्हा ताणून कॉक करते. दुसऱ्या ठोक्याला उडते. दर वेळी."

"पिन झिजली असती तर दुसऱ्यांदा जोर कुठून आणला तिनं? चहा पिऊन आली?"

शर्वरी हसत नाही. वर्गात आता चूल पेटली आहे आणि सर एका बरणीवर झाकण ठेवतायत. झाकण वरच अडकतं. सर त्यावर थाप मारतात, तेव्हा कुठे ते बसतं.

"पिन काडतुसाच्या काठावर आपटते. काडतूस पुरतं आत गेलं नसेल तर?"

"पहिला ठोका ते आत ढकलण्यातच जातो!" ती ताडकन उठते. "काडतूस बसतं त्या चेंबरमध्येच काहीतरी अडतंय."

सर खिशातून विझलेल्या उदबत्तीची काडी काढून देतात. शर्वरी ती चेंबरच्या कडेनं हळूच फिरवते. टोक लाल होऊन येतं.

"कुंकू! खंडेनवमीच्या पूजेत काकांनी बोल्ट उघडाच ठेवला होता."

"कुंकू, तेल, गोळ्यांचं मेण. पुट चढलंय. मी पूजेत फक्त दस्त्याला कुंकवाचं बोट टेकवायचो गं. मऊ ब्रशनं काढ. लोखंडानं खरवडलंस, तर खरंच मोडीत जाईल."

"तुम्हीच सांगा ना काकांना."

"मी मेलोय, पोरी."

"मग मी सांगते. आवडो न आवडो."

"शर्वरी, आण ती रायफल इकडे."

ती डोळे उघडते. समोर पोवारकाका हात पुढे करून उभे आहेत. तिच्या मुठीत काडी आहे, टोकाला लाल, तेलकट.

ती रायफल देत नाही. काडी त्यांच्या तळहातावर ठेवते.

"पिन ठणठणीत आहे, काका. आता मला ब्रश आणून द्या."