वीरण्णांच्या परसातला खड्डा

ओल्या सिमेंटचा वास आला की मला संतपूरची ती दुपार आठवते. शेजारच्या वीरण्णांनी परसात माणूस मावेल एवढा खड्डा खणला होता आणि त्यांची बायको कमलक्का कितीतरी दिवस कुणाला दिसली नव्हती.

"मारून पुरायलेत तिला," माझी मैत्रीण सुनीता कुजबुजली. आम्ही दोघी कुंपणाच्या पत्र्याच्या भोकांना डोळा लावून उभ्या होतो. तापलेल्या पत्र्यानं गाल भाजत होता, तरी तिथून हलवत नव्हतं. वीरण्णांनी खड्ड्यावर शहाबादी फरशी ओढली आणि कडेनं सिमेंट थापायला लागले. मला राहवलं नाही.

"अण्णा, कमलक्काला कामून मारलाव?" मी ओरडलेच.

त्यांच्या हातातली थापी गळून पडली. "मारलाव? अगं, संडास बांधायलोय! त्याबिगर येत न्हाई म्हणून माहेरी बसलीय ती!"

संडासाला दार बसलं तशी कमलक्का आली. घरात शिरायच्या आधी तिथं गेली, आतून कडी लावली, काढली, पुन्हा लावली आणि मोठ्यानं हसली.

खून झालाच नाही म्हणून आम्ही तेव्हा हिरमुसलो होतो. आता कळतं, आमच्या गल्लीत एका बाईनं हट्टानं मिळवलेली पहिली कडी वाजताना आम्ही ऐकली होती.