शिळी बातमी

"हा कागद सुकटीचा आहे," सर म्हणाले. दोन बोटांत धरून त्यांनी तो नाकापासून लांब केला. "बातमीला वास मारतोय बघा."

सगळी आश्रमशाळा हसली. परिपाठाच्या रांगेतली माझ्याच पाड्यावरची पोरंही हसली. मी सातवीत होते. त्या दिवशी बातम्या वाचायची पाळी माझी होती.

शाळेत पेपर यायचा, जव्हारच्या एसटीतून. पण तो सरांच्या खोलीत जायचा. आमच्या हाती लागला तर खिडक्या पुसायला. पोरांनी पेपर वाचला पाहिजे, चालू घडामोडी कळल्या पाहिजेत, असं सर मात्र रोज सांगायचे. ज्याची पाळी असेल त्यानं सरांनी लिहून दिलेल्या दोन ओळी वाचायच्या. मी लिहून घेतलं नाही. माझ्याकडे माझी बातमी होती.

दिवाळीच्या सुट्टीत बाबांनी बाजारातून सुकट आणली होती. पुडी सोडली तर कागदावर आमच्या पाड्याचं नाव. छापलेलं. चुलीपुढे बसून मी वाचलं. रस्ता नसल्याने झोळीतून नेताना गरोदर असलेल्या एका आदिवासी महिलेचा वाटेतच मृत्यू. ती महिला माझी मोठी बहीण होती. आदल्या वर्षीच्या पावसाळ्यात गेली. झोळीच्या बांबूचं एक टोक बाबांच्या खांद्यावर होतं.

आईला वाचता येत नाही. तिनं माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. मग विचारलं, "तिचा नाव हाय का त्यात?"

नाव नव्हतं. 'एका आदिवासी महिलेचा' एवढंच होतं. मी म्हटलं, "हाय."

आईनं लुगड्याला हात पुसले आणि कागदावरून फिरवले. म्हणाली, "शाळंत वाच. लोकांना कळू दे."

म्हणून मी वाचत होते. सरांनी कागद हिसकावला, वास घेतला, मग तारीख बघितली. "वर्ष उलटून गेलं या बातमीला. तुम्हा लोकांना ताजं-शिळं काही कळतच नाही."

खरंच कळत नव्हतं. आमच्या घरी शिळी भाकर टाकत नाहीत, सकाळी कोऱ्या चहाबरोबर खातात. शिळं म्हणजे टाकायचं, हे मला त्या दिवशी समजलं. रस्ता तर अजून झालाच नव्हता. मग बातमी शिळी कशी झाली? विचारायचं राहून गेलं. ती माझी बहीण होती, एवढंही मला सांगता आलं नाही. सरांनी कागदाचा बोळा करून स्वयंपाकघराकडे टाकला. तो चुलीत गेला. दहावीपर्यंत शाळेत माझं नाव 'सुकट' होतं.

घरी गेल्यावर आईनं कागद मागितला. मी सांगितलं, सरांना आवडला, त्यांनी फळ्यावर लावून ठेवलाय. आईचा चेहरा असा काही खुलला की मला तिथून पळून जावंसं वाटलं. पुढे कितीतरी दिवस ती पाणवठ्यावर बायकांना सांगत होती, माझ्या पोरीचा नाव शाळंत लावलाय.

शिकले. डी.एड. केलं. एका शाळेत तासिकेवर लागले आणि पेपरवाचनाचा तास मागून घेतला. पोरांना म्हटलं, कुठलाही कागद आणा. भज्यांचा आणा, सुकटीचा आणा. त्यात आपल्या भागाचं काय लिहिलंय ते शोधा आणि समजून वाचा.

एकदा वाचनाचा उपक्रम बघायला वरून एक साहेब आले. पाचवीतली एक पोरगी वाचायला उठली. जामसरच्या बाजूच्या एका पाड्यावरची. तेलाचे डाग पडलेला कागद होता. बातमी तिच्याच पाड्याची. टाकी बांधून झाली, नळाला लवकरच पाणी येणार. साहेबांनी कागद मागून तारीख बघितली आणि हसले. मला म्हणाले, "बाई, मुलांना निदान ताजा पेपर तरी देत जा. ही तर शिळी बातमी आहे."

पोरीनं मान खाली घातली. खोटं कशाला बोलू, माझ्याही तोंडाशी तेच आलं होतं. बस खाली, शिळी आहे ती. माझी नोकरी समोर खुर्चीत बसली होती. पण ती पोरगी माझ्याकडे बघेना, आणि तशी उभी राहिलेली मी मला दिसले.

मी म्हटलं, "साहेब, बातमी ताजी आहे. तिला विचारा, पाणी आलं का."

त्यांनी विचारलं नाही. पोरगीच बोलली. "टाकी हाय साहेब. पानी नाय आला."

वर्गात कुणी हसलं नाही. पुढच्या सत्रात मला तास मिळाले नाहीत.

आता संध्याकाळी पाड्यावरची पोरं माझ्या घरी येतात. मिळतील ते पेपर आम्ही कुडाच्या भिंतीला लावतो. तारीख शेवटी बघायची. आधी विचारायचं, झालं का ते? नसेल झालं तर बातमी आजची. आणि 'एक महिला' असं कुठे दिसलं की चौकशी करून तिचं नाव पेनानं वर लिहायचं.

आई दारात बसून ऐकत असते. एकदा पोरं गेल्यावर म्हणाली, "मंगलीचा कागद सरांकडून आन. तोबी लाव."

मग मी तिला सगळं सांगितलं. नाव नव्हतं. फळ्यावर कधीच लावला नव्हता. जळला. इतकी वर्षं मी तिला फसवलं होतं. आई रडली नाही, रडली असती तर बरं झालं असतं. कुडाकडे बघून म्हणाली, "मंग तू लिव."

मी लिहिलं. मंगली. वय वीस. पाड्याला रस्ता नव्हता, अजूनही नाही. कुडावर पहिला कागद आता तो आहे. रोज पोरं आधी तो वाचतात, मग बाकीचे. कुणी म्हणो शिळा, कुणी म्हणो वास येतो. रस्ता होईल त्या दिवशीच तो कागद उतरेल.