कोळसा तेवढाच, हवा कमी

बराबर सरांना अर्धवट काही चालत नसे. भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या वसाहतीत, एका सेक्टरमध्ये, आमच्या शेजारच्या क्वार्टरात ते राहत, शाळेत केमिस्ट्री शिकवत आणि समीकरण सुटलं की दर वेळी "बराबर?" म्हणून विचारत. पोरांनी तेच नाव ठेवलं. सरांना ते ठाऊक होतं, आवडतही असावं.

अणू जुळेनात की आम्ही गुपचूप कार्बन डायऑक्साइडमधला एक ऑक्सिजन उडवून देत असू. मग सर कडाडत, "खालच्या आकड्याले हात नको लावू वं! तो बदलला का पदार्थच बदलते." इतकं काय चिडायचं, असं मला वाटे.

मी अकरावीत असताना हिवाळ्यात ताई बाळंतपणाला आली. बाळ झाल्यावर वारं लागू नये म्हणून आईनं खिडकीच्या फटींत चिंध्या कोंबल्या, बाजेखाली कोळशाची शेगडी ठेवली. गावाकडच्या फटीफटींच्या कुडाच्या घरात असंच चाले, आणि कुणाला काही होत नसे.

एका सकाळी सरांनी त्यांच्या घरी मला गणित घातलं. बारा ग्रॅम कार्बन, पण ऑक्सिजन बत्तीसऐवजी सोळाच ग्रॅम. काय तयार होईल?

"कार्बन मोनॉक्साइड, अठ्ठावीस ग्रॅम," मी खुशीत म्हणाले.

"बराबर. ताई कशी आहे?"

"डोकं दुखून राहिलं तिचं. मळमळते म्हणे. आईनं शेगडी ठेवून, दार लावून झोपवलं तिले."

सर अनवाणीच धावले.

आईनं त्यांना दारात अडवलं. बाळंतिणीच्या खोलीत परका पुरुष! "कावून आत चालले सर? वारं लागन पोरीले!"

"लागू द्या! कोळसा तेवढाच आहे वहिनी, हवा कमी पडून राहिली!"

आईला बाजूला सारून त्यांनी दार ढकललं, खिडकी उघडली. ताई हाकेला ओ देईना. मी आणि सरांनी तिला बाजेसकट व्हरांड्यात ओढलं. आईनं बाळाला उचलून आणलं, त्यानं मान टाकली होती. आम्ही तिघं त्या इवल्याशा तोंडाकडे बघत उभे राहिलो. इतकी भीती मला पुन्हा कधी वाटली नाही. मग बाळ रडलं. बऱ्याच वेळानं ताईनंही डोळे उघडले. मग कुठे सर तसेच अनवाणी पायरीवर बसले.

त्या हिवाळ्यात सर सेक्टरभर फिरले. जिथं बाळंतीण, तिथं जाऊन खिडकी उघडायला लावत, म्हाताऱ्यांच्या शिव्या खात. सोबत आई असे.

पुढं भिलाईबाहेर बोरसीला घर बांधून सर निघून गेले. फार चुकल्याचुकल्यासारखं झालं आम्हाला. थंडी पडली तशी आई एकटीच निघाली. तिला समीकरण सांगता येत नव्हतं. "माही पोरगी मीच मारली असती," एवढंच ती दारात उभी राहून म्हणे. लोक मुकाट्यानं खिडकी उघडत.