रोगाचं नाव ठाऊक नसलेल्यांसाठी

जनावरांची डॉक्टर म्हणून निवृत्त झाले आणि कुरुंद्याला घरी बसून एक वेबसाइट केली. एका रोगाला एक पान, त्यात लक्षणं आणि डॉक्टर येईपर्यंत काय करायचं ते. पानं वाढत गेली, वेबसाइटच्या वरची रोगांच्या नावांची यादी हातभर लांब झाली. मला त्यात काही खटकत नव्हतं.

जवळा बाजारला दिलेली माझी धाकटी बहीण म्हशी पाळते. ती एकदा फोनवर म्हणाली, "अक्का, रोगाचं नाव मला ठावं असतं तर तुला काहून इचारलं असतं?"

तिचं बराबर होतं. मी पानांना लक्षणांचे टॅग लावायला बसले, म्हणजे लक्षणाचा शब्द दाबला की त्याची सगळी पानं समोर यावीत. तर वेबसाइटच्या सॉफ्टवेअरमध्ये रोजच्या बातम्या टाकल्या तर त्यांना टॅगची सोय होती, माझ्यासारख्या कायमच्या पानांना नव्हती. हिंगोलीच्या कंप्युटरवाल्याला विचारून ती सोय वरून जोडणारं एक प्लगइन बसवलं. मग बहिणीलाच विचारत, लोक बोलतात तसे टॅग केले: पोट फुगलं, चारा सोडला, लाळ गळते. आधी 'पोटफुगी' आणि 'पोट फुगलं' असे दोन वेगळे झाले, अर्धी पानं इकडे, अर्धी तिकडे. ते एक केले. एकेका पानाला तीन-चार टॅग लागले.

पुढे पावसाळ्यात मी एसटीनं नांदेडला चालले होते. वाटेत फोनला रेंज नव्हती. स्टँडवर उतरले तर बहिणीचे कितीतरी मिस्ड कॉल. लगेच फोन लावला.

म्हैस दावं तोडून हिरव्या सोयाबीनमध्ये शिरली होती आणि तिचं पोट ढोलासारखं फुगलं होतं. माझा फोन लागेना, म्हणून बहिणीनं 'पोट फुगलं' दाबलं. पान उघडलं. त्यात पहिलंच होतं, सरकारी डॉक्टरला बोलवा. तिनं बोलावलं. शेजारी म्हशीचं तोंड वर करून तिला तेल पाजायला निघाला होता, त्याला तिनं थांबवलं, कारण ते फुफ्फुसात जाऊ शकतं असं तिथंच लिहिलेलं. म्हशीचे पुढचे पाय उंचवट्यावर ठेवून तिला उभं धरलं. डॉक्टर वेळेत आले, नळी घालून गॅस काढला.

"आता कशी आहे?" मी विचारलं.

"रवंथ करून राहिली."

मी बाकावर बसले, चहा मागवला. सकाळपासून काही खाल्लं नव्हतं, हे तेव्हा कुठं जाणवलं.