गेलेल्या माणसाची सही

बँकेत सगळे तिला ताई म्हणत. आलेल्या चेकवरची सही पडद्यावरच्या नमुन्याशी ताडून पाहायची, तारीख बघायची आणि चेक पास करायचा, हे तिचं काम. नजर अशी की सहीचा एक फाटा कमी असला तरी खटकायचा.

त्या दिवशी तिच्या हातात शेजारी राहणाऱ्या, चष्म्याचं दुकान चालवणाऱ्या काकांचा चेक आला. दुकानाच्या भाड्याचा. जागेच्या मालकाला त्यांनी वर्षभराचे चेक पुढच्या तारखा टाकून आधीच देऊन ठेवले होते. सही अस्सल होती, शेवटच्या अक्षराला तेच ओळखीचं वळण. फक्त काकांना जाऊन आठवडा झाला होता. स्मशानातून परतताना ताईनेच काकूंना धरून आणलं होतं.

तिने चेक उजेडात धरून पुन्हा पाहिला. मग तारखेकडे लक्ष गेलं. चेक पुढच्या पाच तारखेचा होता, मालकाने घाईने आधीच टाकला होता. तारखेआधी पैसे दिले तर भुर्दंड बँकेवर. तिने "तारीख पुढची" असा शेरा मारून तो परत पाठवला आणि सुटकेचा निःश्वास टाकला. खोटं काहीच लिहिलं नव्हतं. तरी जेवण गेलं नाही.

पाच तारखेला चेक पुन्हा आला. आता कुठलीच पळवाट नव्हती. ती साहेबांच्या केबिनमध्ये गेली.

"हे खातेदार वारलेत, साहेब."

"घरच्यांनी कळवलंय?"

"नाही. पण मी अंत्ययात्रेला होते."

साहेबांनी चष्मा काढला. "मग झालं की! या खुर्चीत बसून तुम्हाला माहीत असलेलं बँकेला माहीत नव्हतं, असं उद्या म्हणता येणार नाही. पास केलात तर वारसदार आपल्यालाच भरायला लावतील. परत पाठवा. आणि खातं आजपासून बंद."

ताईने शेरा लिहिला: खातेदार मयत. आपणच काकांना दुसऱ्यांदा पोचवतोय असं तिला वाटलं.

चेक परत आल्याचं मालकाने काकूंना कळवलं, आणि संध्याकाळी त्या दारात उभ्या. आत या म्हटलं तरी येईनात.

"तूच सांगितलंस ना?"

"काकू, नोकरी आहे माझी. आज ना उद्या..."

"उद्याच सांगायचं होतंस गं. पैशाचं सोड, ते मी कुठूनही उभे केले असते. पण महिन्यातून एक दिवस तरी त्यांच्या सहीला कुणीतरी हो म्हटलं असतं."

काकू तशाच वळून शेजारच्या आपल्या घरात गेल्या.

मालक भला निघाला. त्याने उरलेले चेक काकूंच्या हवाली केले, अनामतही परत दिली. काकूंनी दुकान सोडलं. ताईने स्वतः मागून लॉकरच्या टेबलावर बदली घेतली. तिथे सह्या फक्त जिवंत, समोर उभ्या असलेल्या माणसांच्या.

काकू आता तिच्याशी बोलत नाहीत. पण दोन्ही घरांची भिंत एकच, आणि तीही पातळ. दिवेलागणीला पलीकडून आवाज येतो, "अहो, ऐकलंत का?" ताईच्या हातातलं काम थांबतं. तिला सगळं ठाऊक आहे, मयत हा शब्द तिच्याच हातचा आहे. तरी ती श्वास रोखून उत्तराची वाट बघत राहते.