हातात टॉवर घेतलेली बाई

चित्रकला शिकायची तर जुन्यांची नक्कल करावी, असं वाचलं आणि पिंपळे सौदागरच्या आमच्या गॅलरीत मध्ययुगाच्या अखेरचं एक चर्चमधलं चित्र ॲक्रिलिकमध्ये उतरवायला घेतलं. सोनेरी पार्श्वभूमीवर एक संत स्त्री, तिच्या तळहातावर तीन मजल्यांचा मनोरा. मूळ चित्रात सोन्याचा वर्ख. माझ्याकडे स्टेशनरीच्या दुकानातली सोनेरी रंगाची बाटली.

शेजारचे भाडेकरू लातूरचे, महाळुंग्याच्या एका कंपनीत कामाला. माण गावात बांधकाम चालू असलेल्या इमारतीत त्यांनी अकराव्या, म्हणजे सगळ्यात वरच्या मजल्यावर फ्लॅट घेतलाय. पझेशन पुढच्या दसऱ्याला, असं बिल्डर दर दसऱ्याला सांगतो. लग्नातली भांडी अजून खोक्यांत बांधलेली. नव्या घरातच सोडायची म्हणून. एकदा ते गॅलरीत आले आणि चित्रापुढे त्यांनी चपला काढल्या.

"काका, ही पझेशनची देवी का?"

"नाही हो. हिला बापानं टॉवरमध्ये कोंडलं होतं."

"म्हणजे मिळालं होतं की पझेशन!"

एवढं वाचन करून मला हे सुचलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ते बायकोला घेऊन आले, झेंडूच्या हारासकट. वहिनींनी मनोरा निरखला. "तीनच मजले? आमचा अकरावा हाय."

"वहिनी, ही नक्कल आहे. मुळातच तीन आहेत."

"मग आमी काय हवेत ऱ्हायचं?"

मी देवबिव मानत नाही. पण ती बांधलेली खोकी रोज जाता-येता दिसतात. मी मजले चढवले. हात एकदा चालायला लागला की थांबत नाही. शिवाय मनोरा तिच्या मुकुटाच्या वर गेलेला जास्त शोभत होता.

आठवड्याभरात शेजारी आले ते चपलांसकट.

"बिल्डरला आमच्या वर अजून दोन मजले मंजूर झाले. पझेशन गेलं पुढं."

"अरेरे."

"तुम्ही किती काढलेत?"

मोजले. तेरा.

"जास्तीचे दोन कुणी सांगितले होते, काका?"

"अहो, मंजुरी सरकारी ऑफिसातून येते. माझ्या गॅलरीतून नाही."

"ऑफिसात चकरा मारून झाल्यात आमच्या. तिथं कुणी ऐकत न्हाई. तुम्ही निदान दार तरी उघडता."

मी सोनेरी बाटली उघडली आणि वरचे दोन मजले झाकले. ॲक्रिलिक लगेच वाळतं. वाळल्यावर आतून खिडक्यांच्या कडा पुन्हा डोकावल्या.

"दिसतंय अजून," ते म्हणाले आणि स्टूल ओढून बसले. "अजून एक हात मारा."